लांजेवार सरांच्या गाडीची पत्रिका

माझी पदवी मला मिळाली आणि माझी थोरली बहीण मला उरली, या दोन्ही गोष्टी ज्यांच्यामुळे झाल्या त्यांचं नाव आधीच लिहून टाकतो: प्रा. दामोदर गणपत लांजेवार. सत्तरच्या दशकात ते नागपूरच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवत. नाव शेवटी लिहायचं ठरवलं असतं, तर ते राहून जाईल या धास्तीनं मला मधला मजकूर सुचला नसता. ही धास्तीही त्यांच्याकडूनच आली आहे.

सर धास्तावलेले गृहस्थ होते. घराला कुलूप लावलं की ते ओढून पाहत, फाटकापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहत. गाडीच्या डिकीत जास्तीचं चाक, दोर, कंदील, पाण्याचा कॅन आणि चिवड्याचा डबा कायम असे, मग जायचं धरमपेठेपर्यंत का असेना. बाहेरगावाहून आलेल्या कोणालाही ते पहिला प्रश्न विचारत, "रस्ता तोच आहे ना?" एकदा पारशिवनीचे त्यांचे एक नातलग वारले. आम्ही भेटायला गेलो. सर बराच वेळ मान खाली घालून बसले आणि मग त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बाबा रे, आमडीपासून रस्ता तोच आहे ना?" मुलगा रडता रडता थांबला आणि म्हणाला, "नाही सर. एका मोरीचं काम चालू हाय." मग त्या दोघांचं मोरीवर बोलणं झालं. मला वाटतं त्या मुलाला त्या दिवशी तेवढाच काय तो आराम पडला.

सरांची पत्नी मालतीबाई. त्यांना आम्ही काकू म्हणत असू. काकू मोकळ्या स्वभावाच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. त्या म्हणत, "ह्यायच्या जन्माच्या वक्ती दाई रस्ता चुकली असन. तवापासून हे असेच हायेत."

गाडी जुनी होती, हिरवट राखी रंगाची, एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली. पण लोक बघायला येत ते गाडीतली पेटी. सुकाणूच्या डाव्या बाजूला, रेडिओच्या खाली, सरांनी एक लाकडी पेटी बसवली होती. तिला समोर काच. आत दोन रूळ, आणि एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाणारी जाड कागदाची लांब गुंडाळी. तिच्यावर सगळा रस्ता काढलेला: वळणं, पूल, मोऱ्या, पावसात पाण्याखाली जाणारे रपटे, चिंचेच्या रांगा, कोणत्या विहिरीवर पाणी मिळतं ते. वेगाच्या काट्याकडे जी तार जाते तिलाच सरांनी फाटा फोडला होता आणि सीताबर्डीवरच्या एका घड्याळजीकडून दातेरी चाकं करून घेतली होती. गाडी पुढे गेली की कागद सरके. काचेवर आडवा एक तांबडा दोरा ताणलेला होता. दोऱ्याखाली जे येईल तिथे आपण. नागपूरहून निघणाऱ्या चार रस्त्यांच्या अशा चार गुंडाळ्या होत्या. लांबलचक गुंडाळी म्हणजे आपल्याकडे जन्मपत्रिका. म्हणून गल्लीतले लोक तिला गाडीची पत्रिका म्हणत. सर रागावत नसत. उलट म्हणत, "पत्रिकेत पुढचं असतं. माझ्या कागदावर फक्त आजचं आहे. आणि ते आजचंच असलं पाहिजे."

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलो तेव्हा वर्गात तोंड उघडत नव्हतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. नरखेड तालुक्यातली माझी बोली; मी 'मले' म्हणालो की मागच्या बाकावर खसखस पिके. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला उभं केलं आणि विचारलं, "तुझ्या गावाहून नागपूरला कसा आलास? रस्ता सांग." मी घाबरत सुरुवात केली. ते खडू घेऊन फळ्यावर काढू लागले. मी 'तठून उजवीकून' म्हणालो, की ते तसंच लिहीत. वर्ग हसला, तेव्हा ते मागे वळून म्हणाले, "हसू नका, याचं ऐका. ह्या रस्त्यानं तुम्ही गेला असता तर आता नाल्यात असता." तास संपला तेव्हा फळा माझ्या बोलीनं भरला होता. पुढे कळलं की यात सरांचाही स्वार्थ होता. त्यांची त्या रस्त्याची गुंडाळी वर्षभर जुनी झाली होती, आणि माझ्याकडून ती फुकटात ताजी होत होती! पण कॉलेजात मी बोलू लागलो तो त्या तासापासून. एम.ए. होऊन त्यांच्याच विभागात शिकवायला लागलो तोही त्यांच्याच पाठपुराव्यानं.

गाडीतल्या रेडिओचा त्यांचा एक नियम होता. सरळ रस्ता असेल तेव्हा काकूंसाठी गाणी लागत. वळण किंवा पूल जवळ आला की सर रेडिओ बंद करत. मग ते गाणं कितीही रंगलेलं असो. "एका वेळी एकच बोलेल," ते म्हणत, "रेडिओ नाही तर रस्ता." त्यामुळे काकूंनी आयुष्यात एकही गाणं पूर्ण ऐकलं नाही, असं त्या सांगत. "मुखडा कळमेश्वरले, अंतरा काटोलले!"

दुसरा नियम जास्त कडक होता, आणि त्याच्यामागे एक फजिती होती. पेंचच्या कालव्याची कामं चालू होती त्या काळातली. आमच्या प्राचार्यांना पारशिवनीकडच्या एका शाळेत झेंडावंदनाला जायचं होतं, आणि सरांनी आपल्या गाडीनं न्यायचं कबूल केलं. घरात त्या रस्त्याच्या दोन गुंडाळ्या होत्या, मागल्या वर्षीची आणि नवी. सकाळच्या घाईत सरांनी जुनी बसवली. तांबडा दोरा सरळ रस्ता दाखवत होता आणि सर दोऱ्यावर विसंबून चालले होते. एका चढावर येऊन गाडी थांबली. समोर रस्त्याच्या जागी खोल कालवा, आणि त्याच्या काठावर म्हशी घेऊन बसलेला एक म्हातारा. प्राचार्य पांढरी टोपी घालून मागे बसलेले. म्हातारा गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाला, "हा रोड तं कवाचाच बंद झाला गा साहेब. कालवा खोदून राहिले न. कागद पाहून आले का तुमी? आमाले विचारलं असतं तं!" झेंडा प्राचार्यांवाचूनच फडकला. प्राचार्य सरांना काही बोलले नाहीत, पण सर स्वतःला वर्षभर बोलत राहिले.

तेव्हापासून नियम झाला: नवी गुंडाळी करायची तर आधी जुनी मोडायची. तिचे हातभर लांबीचे तुकडे करायचे, म्हणजे ती चुकूनही पुन्हा पेटीत बसू नये. "जुना नकाशा घरात ठेवू नये," सर म्हणत. "तो गप्प बसत नाही. खरं बोलल्यासारखं खोटं बोलतो." मी एकदा म्हटलं, "सर, नवी पूर्ण होईपर्यंत जुनी राहू द्यावी. मध्येच जायची वेळ आली तर?" ते म्हणाले, "मधल्या दिवसांत गाडी नाक्याबाहेर जाणारच नाही. प्रश्नच मिटला."

हे काम दरवर्षी दसऱ्यानंतर, पावसानं रस्त्यांचं काय केलं ते कळल्यावर निघे. सर रोज एस.टी. स्टँडवर जाऊन उभे राहत. एका ड्रायव्हरनं काही सांगितलं की ते लगेच कागदावर घेत नसत. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं तेच सांगितलं तरच घेत. ड्रायव्हर त्यांना ओळखत. "आले बघा पत्रिकावाले," असं म्हणत चहा मागवत. घरी व्हरांड्यात कागदाचे ताव एकमेकांना चिकटवले जात. मैद्याची खळ, तिच्यात झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. ताव वाळेपर्यंत त्यांच्याजवळून जायची चोरी. पेटी गाडीतून निघालेली, तिच्याबरोबर रेडिओचीही तार सुटलेली, आणि जुन्या गुंडाळीचे तुकडे काकूंच्या स्वयंपाकघरात फळ्यांवर अंथरलेले. जाड कागद, डब्यांखाली उत्तम बसे.

नेमक्या अशाच दिवसांत तो कंडक्टर आला.

दुपार नुकतीच सुरू झाली होती. मी विभागात होतो. खाकी कपड्यांतला एक माणूस दारात उभा राहिला.

"शांताबाईचे भाऊ तुमीच का?"

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात. शांताबाईचं सासर नरखेडच्याही पलीकडे एका खेड्यात होतं, आणि ती दुसऱ्या वेळची बाळंतपणाला टेकली होती, हे मला ठाऊक होतं. मी उठून उभा राहिलो.

"नर्सबाईनं सांगून धाडलं," कंडक्टर म्हणाला. "पोट्टं आडवं हाय म्हणते पोटात. तठी होणार नाही, नागपूरलेच न्या म्हणते. दवाखान्याची जीप तं मोडून पडली हाय."

"मग तुमच्याच गाडीतून काहून नाही आणलं?"

"मी म्हटलं न गा, घेऊन चालतो. नर्सबाई म्हणे, यष्टीत टाकली तं काटोलपर्यंत नाही टिकत. रस्ता कसा झाला तुमी पाह्यला नाही. लहान गाडी पाह्यजे, अन् आजच पाह्यजे."

मला ओळखीत एकच लहान गाडी होती. मी सायकलनं सरांच्या घरी कसा पोचलो ते आठवत नाही.

सर व्हरांड्यात गुडघ्यावर बसून रेघा मारत होते. नरखेडच्याच रस्त्याची नवी गुंडाळी चालू होती आणि ती काटोलपर्यंत आली होती. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"पेटी उघडी आहे रे," ते म्हणाले. "जुनी मी काल फाडली. नवी काटोलला संपते. पुढचं मला अजून नक्की नाही. हस्ताच्या पावसात काटोलपुढचा रपटा खचला म्हणतात. एक ड्रायव्हर म्हणतो डावीकडून बगिच्यातून जा, दुसरा म्हणतो उजवीकडून. मी आज जाऊन तिसऱ्याला विचारणार होतो."

काकू आतून बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडी तुमी चालवता का ते पेटी चालवते?"

"दोघं मिळून चालवतो," सर म्हणाले. यात थट्टा नव्हती.

काकू आत गेल्या. डबे खाली ठेवल्याचे आवाज आले. मग त्या कागदाच्या पट्ट्या घेऊन बाहेर आल्या. कोणती पट्टी कोणत्या फळीवर होती ते सांगत त्यांनी त्या सरांसमोर टाकल्या. "ह्या घ्या. लागन तेवढ्या निवडा. अन् किल्ली घ्या. लेकरू आडवं हाय तिचं, अन् तुमी इथं बसून राहिले."

सरांनी नरखेडच्या रस्त्याच्या पट्ट्या ओळखून लावल्या. पट्ट्यांकडे बघताना त्यांना किती यातना होत होत्या ते दिसत होतं. आपल्याच हातानं मोडलेलं खोटं ते पुन्हा जुळवत होते. पण त्यांनी किल्ली घेतली. काकूही पायात चपला सरकवून गाडीत बसल्या. "बाईमाणूस पाह्यजे सोबत," एवढंच त्या म्हणाल्या.

काटोलपर्यंत सरांनी पट्ट्या पाहिल्या नाहीत. तो भाग नव्यानं काढून त्यांना पाठ झाला होता. काकू पुढे बसल्या होत्या, मी मागे. पेटीच्या जागी एक चौकोनी भोक होतं आणि त्यातून तारा लोंबत होत्या. सर बोलत नव्हते, आणि रेडिओही नव्हता. मी वाटेत शांताबाईचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

काटोल मागे पडलं. काकूंनी पट्टी हातात धरली.

"आता पुढे काय आहे?" सरांनी विचारलं.

"चिंचा. मंग विहीर. मंग हळद हाय."

"हळद काय?"

"मले काय माहीत! काल डबा सांडला अन् मी वल्ल्या फडक्यानं पुसला. डाग हाय इथं मोठा."

"अहो, डागाखाली काय आहे?"

"पिवळं हाय सगळं. तुमचीच शाई कच्ची."

डागाखाली होता तो फाटा. आम्ही तिथे पोचलो तेव्हा समोर रपट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर काट्या टाकल्या होत्या. डावीकडे एक गाडवाट संत्र्यांच्या बगिच्यात शिरत होती, उजवीकडे दुसरी. दोन्ही चिखलानं भरलेल्या, दोन्हींवर चाकांच्या खुणा. माणूस दिसत नव्हता. सरांनी गाडी बंद केली आणि दार उघडून ते खाली उतरले.

मी म्हटलं, "सर, कोणतीही एक घ्या ना. वेळ जातो आहे."

"अडकलो तर वेळ जाणार नाही, सुधाकर. संपेल." ते असं म्हणाले आणि डावीकडच्या वाटेनं पळत सुटले. पंचावन्नच्या पुढचा तो माणूस पँट वर ओढून चिखलात पळताना मी पाहिला. झाडांमध्ये ते दिसेनासे झाले. काकू म्हणाल्या, "तू बस. दोघंही पळाले तं गाडी कोन राखन?" त्या खिडकीतून एकटक बगिच्याकडे बघत होत्या. मग सर परत आले, मांड्यांपर्यंत भिजलेले, एक बूट नाहीसा झालेला. "इकून नाही," ते म्हणाले. "विहीर खचली हाय तठी. उजवीकूनच." वर्गात कधी चुकूनही न आलेली बोली त्यांच्या तोंडून भराभर येत होती, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. अनवाणी पायानं त्यांनी क्लच दाबला.

शांताबाईच्या सासरच्या घरी अंगणात बायका जमल्या होत्या. त्या वाट सोडून उभ्या राहिल्या, तेव्हा मी दार धरून आत वाकून पाहिलं. ती जिवंत होती. चेहरा मात्र मातीसारखा झाला होता. मला बघून ती म्हणाली, "तू कायले आला? शाळा नाही का तुले?" कॉलेजला ती शाळाच म्हणायची. नर्सबाईंनी तिला मागच्या सीटवर निजवलं, कसं धरायचं ते काकूंना दाखवलं आणि सरांना म्हणाल्या, "हिसका बसू देऊ नका. आणि उशीरही करू नका." सरांनी मान हलवली. या दोन गोष्टी एकत्र कशा करायच्या हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. भाऊजी मोटारसायकलनं मागून निघाले. मी पुढे बसलो.

येताना उजेड कमी होत गेला. काकूंच्या मांडीवर शांताबाईचं डोकं होतं. कळ आली की ती दात आवळून गप्प राही. ओरडत नव्हती, ते जास्त भयंकर होतं. काटोल गेल्यावर तिचा आवाज पहिल्यांदा आला.

"बोला ना कोनी. मले नुसता इंजनाचाच आवाज येऊन राहिला."

मग सर बोलू लागले. काय बोलावं ते त्यांना दुसरं येतच नव्हतं. ते रस्ता बोलू लागले. "आता चिंचेची रांग आहे बाई, उजव्या हाताला. आता उतार लागेल, मी हळू घेतो. हं, मोरी. झाली मोरी. आता सरळ आहे बराच वेळ. डावीकडे कापसाचं शेत, वेचणी चालू दिसते." ते थांबत नव्हते. वळणाच्या आधी वळण सांगत, खड्ड्याच्या आधी खड्डा. शांताबाई त्या आवाजाला धरून होती असं मला वाटलं.

मधूनच तिनं विचारलं, "किती राहिलं सर?"

सरांनी खरं ते सांगितलं. किलोमीटर सांगितले. मागे एक उसासा ऐकू आला. काकू पुढे वाकून सरांच्या कानाशी कुजबुजल्या, "असं सांगत असतेत का? जरा कमी सांगा ना, बाप्पा."

"आहे ते आहे," सर हळूच म्हणाले. "कमी कसं सांगू?"

पुन्हा काही वेळ ते रस्ता बोलत राहिले. मग काकूंचा आवाज आला आणि तो माझ्या ओळखीचा नव्हता. "अवं शांता. डोळे उघड. शांते! अहो, हे डोळे उघडून नाही राहिली."

सरांनी आरशात पाहिलं. आणि ते मोठ्यानं, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "कळमेश्वर आलं, बाई! ते बघा दिवे. आलंच नागपूर."

कळमेश्वर आलं नव्हतं. दिवे कुठेच नव्हते. दोन्ही बाजूंना काळी शेतं होती. कळमेश्वरच्या अलीकडचं रेल्वेचं फाटकसुद्धा अजून लांब होतं. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं नाही. मागे हालचाल झाली. "हं," शांताबाई म्हणाली.

फाटक आलं तेव्हा सर त्याच्याबद्दल काही बोलले नाहीत. जे गाव आलं असं त्यांनी सांगितलं होतं त्याच्या अलीकडचं फाटक त्यांना कसं सांगता येणार? त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली आणि एकेक चाक रुळांवरून इतकं हळू उतरवलं, की डोळे मिटले असते तर आपण रूळ ओलांडले हे मलाही कळलं नसतं. मग त्यांनी वेग घेतला. तेवढ्या वेगानं त्यांना गाडी चालवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

धंतोलीतल्या एका बाईडॉक्टरांच्या दवाखान्यात शांताबाईला लगेच आत घेतलं. शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, पहिल्यांदा रडली नाही, मग रडली. हे सगळं काकूंनी बाहेर येऊन सांगितलं. सर आत आलेच नव्हते. ते रस्त्यावर गाडीला टेकून, एका पायात बूट आणि एका पायात वाळलेला चिखल घेऊन उभे होते. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग उघडून मला विचारलं, "ती कळमेश्वरबद्दल काही म्हणाली का?"

"नाही सर."

"मी खोटं सांगितलं तिला."

"सर, त्याचं काय एवढं?"

"तिनं माझ्यावर भरवसा ठेवला होता," ते म्हणाले. "इतका वेळ मी एकेक मोरी खरी सांगितली म्हणून ठेवला होता. आणि मग मी त्याच भरवशावर खोटं सांगितलं. ती शुद्धीवर आली की तिच्या लक्षात येईल."

मला तेव्हा हसू आलं होतं. पण सरांच्या मनातून ते गेलं नाही. नवी गुंडाळी पुरी झाली, पेटी बसली, रेडिओ वाजू लागला. शांताबाई मुलीला घेऊन गावी गेली. जाण्याआधी ती सरांच्या पाया पडायला आली, तेव्हा सरांनी तिच्याशी हवापाण्याचं बोलून घेतलं आणि तो विषय काढायचं धाडस त्यांना झालं नाही. नंतर मात्र स्टाफरूममध्ये, चहा पिताना, मध्येच ते मला विचारत, "काही म्हणाली का रे?" पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि मुलाकडे रायपूरला राहायला गेले. स्वतःच्या गाडीनेच गेले. मी भंडारा रोडच्या नाक्यापर्यंत सोबत गेलो होतो. मागच्या सीटवर गाद्या, काकूंच्या मांडीवर लोणच्याची बरणी. मी खाली उतरलो, तेव्हा सर म्हणाले, "दिवाळीला गावी जाशील तेव्हा तिला विचार. काय असेल ते मला कळव. चांगलं वाटावं म्हणून बदलू नको." गाडी निघाली. काकूंनी हात हलवला. सरांनी मागे पाहिलं नाही. त्यांचे दोन्ही हात सुकाणूवर होते आणि लक्ष रस्त्यावर. वळणावर जाईपर्यंत मला त्यांची पांढरी मान दिसत होती. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

त्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी शांताबाईच्या घरून त्यांना हे पत्र पाठवलं.

'तीर्थस्वरूप सरांना आणि काकूंना सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे शांताबाईला विचारलं. तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, बदलत नाही.

ती म्हणाली, "मले तवाच माहीत होतं का कळमेश्वर आलं नाही. फाटक कुठं आलं होतं? फाटकावर गाडी दोनदा उडते. लहानपणापासून उडून राहिली मी तठी. पण मनात आलं, एवढा मोजून बोलणारा मानूस माझ्यासाठी खोटं बोलून राहिला, म्हणजे मी आता मरतेच हाय. मंग मले राग आला. म्हटलं, काही झालं तरी फाटकापर्यंत मरत नाही. फाटकाचे दोन हिसके बसले का मंग पाहू. तशीच पोट धरून वाट पाहत होती. ते फाटक काही येऊनच नाही राहिलं. अन् मंग डोळ्यावर दवाखान्याचा दिवा आला."

सर, तुम्ही फाटक कसं ओलांडलं होतं ते मी तिला सांगितलं. तिला खरं वाटलं नाही. ती म्हणते, तुम्ही दुसऱ्याच रस्त्यानं नेलं असेल.

मुलगी चालू लागली आहे. उंबरा आला की थांबते आणि हात मागते. इकडे सर्व ठीक. काटोलपुढच्या खचलेल्या रपट्याच्या जागी पूल तयार झाला. मी दोन ड्रायव्हरांना विचारून खात्री केली आहे.

आपला,
सुधाकर'